समांतरभुज चौकोनाचे कोन: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी. गृहपाठाला शेजारी बसतात ते बहुतेक आजी-आजोबा, कारण संध्याकाळी आई-बाबा कामावरून परतलेले नसतात. त्यामुळे मला फोन येतात ते त्यांचेच. चौकोनांचा धडा सुरू झाला की फोन वाढतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. आकृती मनात अशी धरा: अ, ब, क, ड हे चार कोपरे ओळीने, अब खालची बाजू आणि डक वरची.

नातीने वहीत 'लगतचे कोन पूरक असतात' असं लिहिलं. बाईंनी लाल रेघ मारली. हे तर मीच तिला सांगितलं होतं! चूक कोणाची?

आजोबा, तुमची नाही, बाईंचीही नाही. शब्दाची आहे, आणि आपल्या गावात ती दर वर्षी होते.

मराठी शाळेत दोन कोनांची बेरीज ९० असली तर ते कोटिकोन आणि १८० असली तर पूरक कोन. मध्य प्रदेशातल्या हिंदी पुस्तकात ९० ची बेरीज असलेले कोन म्हणजे 'पूरक कोण', आणि १८० वाले 'संपूरक कोण'. म्हणजे एकच शब्द, पण नर्मदेच्या अलीकडे एक अर्थ आणि पलीकडे दुसरा. तुम्ही महाराष्ट्रात शिकलात, नात इथे शिकते. तुम्ही म्हणालात पूरक, तुमच्या मनात १८०. तिने लिहिलं पूरक, बाईंनी वाचलं ९०. लाल रेघ मारणं भागच होतं.

वहीत 'आसन्न कोण संपूरक होते हैं' असंच लिहायला सांगा. तोंडी समजावताना मी स्वतः दोन्ही शब्द टाळते आणि सरळ 'बेरीज १८०' म्हणते. आकड्याला भाषा नसते.

असे आणखी किती शब्द आहेत? एकदा यादीच द्या.

यादी दिली की ती फ्रिजवर चिकटते आणि तिथेच राहते, हा माझा अनुभव. तरी सांगते. लगतचे कोन म्हणजे हिंदीत आसन्न कोण. संमुख कोन म्हणजे सम्मुख कोण, इथे अडचण नाही. आपले विरुद्ध कोन, म्हणजे दोन रेषा छेदल्यावर समोरासमोर येतात ते, हिंदीत शीर्षाभिमुख. व्युत्क्रम कोन तिकडे एकांतर. संगत कोन दोन्हीकडे संगतच. छेदिकेला ते तिर्यक छेदी रेखा म्हणतात. दुभाजक म्हणजे समद्विभाजक. एकरूप म्हणजे सर्वांगसम. लघुकोन म्हणजे न्यून कोण आणि विशालकोन म्हणजे अधिक कोण. समभुज चौकोन म्हणजे समचतुर्भुज. चौरसाला ते वर्ग म्हणतात, आणि मराठी आजीला वर्ग म्हटलं की एकतर शाळेचा वर्ग आठवतो नाहीतर पाचाचा पंचवीस.

काटकोनाची गंमत वेगळीच. हिंदीत तो 'समकोण'. मराठी कानाला वाटतं, समान कोन. एका आजीने मला सांगितलं होतं की आयताचे सगळे कोन सारखे असतात म्हणून त्याला समकोण म्हणतात. निष्कर्ष बरोबर, रस्ता चुकीचा. मी काही बोलले नाही.

आम्ही 'कर्ण' म्हणतो, पुस्तकात 'विकर्ण' आहे. कर्ण म्हणजे फक्त काटकोन त्रिकोणातला ना?

या प्रश्नावर माझा स्वतःचा एक गुण गेलेला आहे, म्हणून जरा मनापासून उत्तर देते. मी इथल्याच एका हिंदी शाळेत शिकले. आठवीच्या सहामाहीत मी लिहिलं, 'समांतर चतुर्भुज के कर्ण एक दूसरे को समद्विभाजित करते हैं.' पेपर परत आला तेव्हा 'कर्ण'भोवती लाल गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'त्रिभुज कहाँ है?' घरी बाबा चौकोनाच्या तिरक्या रेघेला कर्णच म्हणत, मला दुसरा शब्द ठाऊकच नव्हता.

हिंदी पुस्तकापुरतं मास्तरांचं बरोबर होतं. तिथे कर्ण काटकोन त्रिकोणाचा आणि विकर्ण चौकोनाचा. मराठीत दोन्हींना कर्ण. पण मराठीने हे मनाने केलेलं नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त काटकोन त्रिकोणाच्या बाजू भुज, कोटी आणि कर्ण आहेत, आणि चौकोनाच्या तिरक्या रेषाही कर्णच आहेत. म्हणजे आपला वापर जुना. हे मला फार उशिरा कळलं, तोवर तो गुण परत मिळण्याची मुदत संपली होती. मुलाला मात्र परीक्षेत 'विकर्ण'च लिहू द्या.

समांतरभुज चौकोन म्हणजे नेमका कोणता? तिरका असावा लागतो का?

नाही. समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असल्या की झालं. आयत, समभुज चौकोन, चौरस हे तिघेही त्याच घरातले. पुस्तकात आकृती नेहमी तिरकी काढतात, म्हणून मुलांना वाटतं तिरकेपणा हीच ओळख. 'चौरस समांतरभुज चौकोन आहे का?' या प्रश्नाला अर्धा वर्ग 'नाही' म्हणतो.

कोनांचे नियम किती पाठ करायचे? मुलगा म्हणतो सात आहेत.

एकही नाही. दिवाळीत शंकरपाळे करता ना? तेच करा, आणि मुलाला पोळपाटाशी बसवा. पुस्तक नको.

जाडसर पोळी लाटा. कातणं घेऊन आधी आडव्या रेघा मारा, एकमेकींना समांतर. मग तिरक्या रेघा मारा, त्याही एकमेकींना समांतर. आता शंकरपाळ्यांकडे बघू नका, रेघा जिथे छेदतात तिथे बघा. कुठलाही एक छेद घ्या. तिथे चार कोन आहेत. समजा वर-उजवीकडचा ६० अंशांचा आहे. त्याच्या शेजारचा, वर-डावीकडचा, त्याच आडव्या रेघेवर बसलाय, म्हणून दोघांची बेरीज १८० आणि तो १२०. खाली-डावीकडचा हा ६० च्या विरुद्ध, म्हणून ६०. खाली-उजवीकडचा १२०.

आता पुढच्या छेदाकडे सरका. आडवी रेघ तीच, तिरकी रेघ पहिलीला समांतर, म्हणजे कलही तोच. तिथेही ६०, १२०, ६०, १२०. वरच्या ओळीतल्या छेदावर जा, तिथेही तेच. पोळीवरचा प्रत्येक छेद म्हणजे पहिल्या छेदाची नक्कल. पुस्तकात याला संगत कोन एकरूप असतात असं म्हणतात.

आता एक शंकरपाळा उचला. त्याचे चार कोपरे चार वेगवेगळ्या छेदांवर होते. खालच्या-डाव्या छेदातून त्याने वर-उजवीकडचा कोन घेतला: ६०. खालच्या-उजव्या छेदातून वर-डावीकडचा: १२०. वरच्या-उजव्या छेदातून खाली-डावीकडचा: ६०. आणि उरलेल्यातून खाली-उजवीकडचा: १२०. म्हणजे एका छेदावर जे चार कोन एकमेकांना चिकटून बसले होते, तेच चार शंकरपाळ्याच्या चार कोपऱ्यांत वाटले गेले. छेदावर जे शेजारी होते ते इथे लगतचे झाले, म्हणून बेरीज १८०. छेदावर जे विरुद्ध होते ते संमुख झाले, म्हणून समान. चौघांची बेरीज ३६०, कारण एका बिंदूभोवतीची बेरीज तेवढीच असते.

मुलाने सात नियम पाठ केले असतील तर करू दे, पण विसरला की त्याला हा छेद काढायला सांगा. दोन रेघांत सगळं परत मिळतं. पेपरात पोळपाट लिहिता येणार नाही, तिथे 'अब समांतर डक, अड ही छेदिका, म्हणून आंतरकोनांची बेरीज १८०' हीच भाषा हवी.

हे पुस्तकात सिद्ध करताना मात्र कर्ण काढून दोन त्रिकोण एकरूप दाखवतात. मग ते कशाला?

कोनांसाठी त्याची गरज नाही, बाजूंसाठी आहे. संमुख बाजू समान लांबीच्या असतात हे नुसत्या छेदावरून दिसत नाही. कर्ण काढला की दोन त्रिकोण मिळतात, व्युत्क्रम कोनांच्या दोन जोड्या समान, मधली बाजू सामाईक, म्हणून त्रिकोण एकरूप. मग बाजूही समान आणि कोनही समान, एका दगडात दोन पक्षी. ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथात, पहिल्या खंडाच्या ३४व्या विधानात हे असंच केलंय, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास. त्याला समांतर रेषांच्या कोनांचं २९वं विधान लागतं, म्हणजे आपल्या पोळपाटावरचंच.

एक कोन दिला तर बाकीचे तीन कसे काढायचे?

कोन अ ६५ असेल तर समोरचा क ६५. शेजारचे ब आणि ड ११५. संपलं. याला अर्धं पान लागत असेल तर कुठेतरी गोंधळ आहे.

क्ष वाले प्रश्न जमत नाहीत. मुलगी प्रत्येक वेळी दोन्ही बाजू समान लिहून मोकळी होते.

हा खरा आजार आहे आणि बहुतेक मुलांना असतो. 'कोन समान' हे डोक्यात पक्कं बसतं, 'बेरीज १८०' बसत नाही. एक उदाहरण देते. यात मुद्दाम असे आकडे घेतलेत की चुकीचं उत्तरही शहाण्यासारखं दिसेल.

कोन (३क्ष + १०) आणि (५क्ष − ३०) आहेत. ते संमुख असतील तर ३क्ष + १० = ५क्ष − ३०, म्हणजे क्ष = २०, दोन्ही कोन ७०. तेच लगतचे असतील तर बेरीज ८क्ष − २० = १८०, क्ष = २५, आणि कोन ८५ व ९५. दोन्ही उत्तरं गुळगुळीत, दोन्हींचे पूर्ण अंक. पडताळा घेतला तरी चूक पकडली जाणार नाही, कारण चूक गणितात नाही, वाचण्यात आहे. म्हणून माझ्याकडे नियम असा: समीकरण मांडायच्या आधी आकृती काढायची आणि ते दोन कोन पेन्सिलीने रंगवायचे. शेजारी आहेत की समोर, हे डोळ्यांनी बघायचं. कोन अ आणि ब, ब आणि क, क आणि ड, ड आणि अ हे शेजारी. अ-क आणि ब-ड समोर. आकृती न काढणाऱ्याला मी पुढचं गणित देत नाही. फार कडक आहे म्हणतात मला.

लगतच्या कोनांचं गुणोत्तर २:३ असेल तर?

१८० चे पाच भाग करा, एक भाग ३६. कोन ७२ आणि १०८. पुष्कळ मुलं ३६० चे पाच भाग करून ७२ चा भाग काढतात आणि कोन १४४ व २१६ आणतात. २१६ अंशांचा कोन शंकरपाळ्यात कसा बसेल, एवढं विचारलं की स्वतःच खोडतात.

याच्याच जोडीला विचारला जाणारा फसवा प्रश्न: चौकोनाचे कोन ओळीने १:२:३:४ आहेत, तो समांतरभुज आहे का? कोन येतात ३६, ७२, १०८, १४४. समोरासमोरचे समान नाहीत, म्हणजे नाही. पण ३६ आणि १४४ लगतचे आहेत आणि त्यांची बेरीज १८०, म्हणून एक जोडी समांतर आहे. तो समलंब चौकोन.

कर्ण कोपऱ्यातल्या कोनाचे दोन सारखे भाग करतो ना?

नाही! आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो. कर्ण एकमेकांना दुभागतात, हे खरं. कर्ण कोनाला दुभागतो, हे फक्त समभुज चौकोनात (म्हणून चौरसातही). शब्द दोन्हीकडे 'दुभागणे' असल्याने दोन वाक्यं मुलांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात.

एक वहीचं पान घ्या, साधं, आयताकृती. आयत म्हणजे समांतरभुजच. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. आता तो ९० चा कोपरा घडी घालून दुभागा, म्हणजे छोटी कड लांब कडेवर आणा. घडीची रेघ आणि कर्णाची रेघ वेगवेगळ्या निघतात. घडी ४५ वर जाते आणि लांब कडेलाच टेकते, कर्ण मात्र समोरच्या कोपऱ्यात जातो. पाच सेकंदांचं काम, पण ज्याने हे एकदा केलं तो पुन्हा चुकत नाही.

कारण असं. कर्ण अक काढला की अ च्या कोपऱ्यात दोन तुकडे होतात. त्यातला डअक हा तुकडा समोरच्या बकअ एवढा असतो, व्युत्क्रम म्हणून. आता त्रिकोण अबक मध्ये बघा. अब लांब आणि बक आखूड असेल, तर लांब बाजूसमोरचा कोन मोठा, म्हणजे क जवळचा तुकडा अ जवळच्यापेक्षा मोठा. म्हणजेच अ च्या कोपऱ्यात कर्ण लांब बाजूकडे झुकलेला. बाजू समान झाल्या तरच तो मधोमध येतो. समजा लांब बाजूशी तुकडा ३० चा आणि आखूड बाजूशी ४० चा, तर कोपरा ७० चा, लगतचा ११०.

मग कोनांचे दुभाजक काढले तर काय होतं?

लगतच्या दोन कोनांची बेरीज १८०, त्यांच्या अर्ध्यांची ९०, म्हणून ते दोन दुभाजक जिथे भेटतात तिथे त्रिकोणात उरलेला कोन ९०. नेहमी. चारही दुभाजक काढले की मधे आयत तयार होतो, आणि चौकोन समभुज असेल तर तो आयत आकसून नुसता बिंदू उरतो. माझा हा आवडता प्रश्न आहे, कारण एवढं तिरकं काहीतरी काढून मधे सरळ आयत मिळतो आणि मुलं खरंच आश्चर्याने बघतात.

चारही बाजू दिल्या आहेत, तर कोन काढता येतील ना?

येणार नाहीत. रात्री सराफ्यात खायला जाता तेव्हा दागिन्यांच्या दुकानांना लागलेलं चॅनल गेट पाहिलंय ना, लोखंडी पट्ट्यांचं, ओढलं की उघडतं आणि ढकललं की गोळा होतं? त्यातल्या फुल्यांच्या मधे जे आकार आहेत ते समभुज. गेट ओढलं की ते आडवे पसरतात, गोळा केलं की उभे सडपातळ होतात. पट्ट्यांची लांबी रतीभरही बदलत नाही, कोन मात्र सारखे बदलतात. एक कोन १३० चा झाला की शेजारचा ५० चा. गेट कुठेही थांबवा, शेजारच्यांची बेरीज १८०. त्रिकोणाचं असं होत नाही, तीन पट्ट्या खिळल्या की तो हलत नाही. म्हणूनच पत्र्याच्या शेडच्या कैचीत त्रिकोणच त्रिकोण दिसतात, आणि डुगडुगणाऱ्या टेबलाला सुतार तिरकी पट्टी मारतो.

भास्कराचार्य या बाबतीत फार तापट होते. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी लीलावतीत पिशाच्च म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठं. हे मी वर्गात सांगते तेव्हा सगळे हसतात, आणि मग परीक्षेत 'बाजू ५ आणि ८, क्षेत्रफळ ४०' असं लिहून येतात.

एक कोन किंवा एक कर्ण मिळाला की मात्र सगळं ठरतं.

कोन बदलतात तर याचा उपयोग काय? मुलगा विचारतो.

किराण्याच्या दुकानात पूर्वी गल्ल्यापाशी लोखंडी तराजू असायचा, दोन पारडी वर आणि दांडी खाली लपलेली. तो फ्रेंच गणिती रोबेर्वालने १६६९ मध्ये मांडलेल्या रचनेवर चालतो. आत वर-खाली दोन दांड्या, दोन्हीकडे उभे खांब, असा खिळखिळा समांतरभुज. एक पारडं खाली गेलं की दांड्या तिरक्या होतात, कोन बदलतात, पण उभे खांब मधल्या खांबाला समांतरच राहतात. म्हणून पारडं आडवं राहतं आणि शेव सांडत नाही. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आलेत. एखाद्या जुन्या दुकानात तराजू दिसला तर मुलाला खाली वाकून बघायला लावा, दुकानातला भिया (इंदुरी बोलीत भैया) रागावला तर माझं नाव सांगा.

समोरचे कोन समान आहेत, एवढ्यावरून चौकोन समांतरभुज ठरतो का?

दोन्ही जोड्या समान असतील तर ठरतो. तेव्हा अ आणि ब ची बेरीज ३६० च्या निम्मी, म्हणजे १८०, आणि तिथून बाजू समांतर. एकच जोडी असेल तर नाही. संक्रांतीला उडतो त्या पतंगाचा आकार आठवा, लांब शेपटाकडे निमुळता केलेला. डाव्या-उजव्या टोकांचे कोन समान, वरचा आणि खालचा वेगळे. कोणतीही बाजू कुणाला समांतर नाही. बाजारात मिळतो तो बहुधा कोपऱ्यावर उभा केलेला चौरसच असतो, पण पुस्तकातला 'पतंग' हा निमुळता.

संमुख बाजूंची एक जोडी समान आणि संमुख कोनांची एक जोडी समान, हे दोन्ही मिळूनही पुरत नाही. इथे हुशार मुलंही फसतात. संमुख बाजूंची एकच जोडी, पण समान आणि समांतर दोन्ही, हे मात्र पुरतं.

विशालकोनाच्या शिरोबिंदूतून दोन लंब टाकले, त्यांच्यामधला कोन ६० आहे. चौकोनाचे कोन काढा. हे कुठून आलं?

नववीत येतंच येतं. ड हा विशालकोनाचा कोपरा. तिथून अब वर एक लंब, बक वर दुसरा. दोन लंबांचे पाय, ब आणि ड मिळून एक छोटा चौकोन झाला. त्यात दोन कोन ९० चे, म्हणून उरलेल्या दोघांची बेरीज १८०. लंबांमधला कोन ६०, म्हणून ब चा कोन १२०. म्हणजे ब आणि ड १२०, अ आणि क ६०. लंबांमधला कोन नेहमी लघुकोनाएवढाच येतो. हे पाठ करू नका, छोटा चौकोन शोधा.

समांतरभुज चौकोन वर्तुळात बसवला तर?

दहावीवाल्यांसाठी: वर्तुळात बसलेल्या चौकोनाच्या संमुख कोनांची बेरीज १८०, आणि समांतरभुजाचे संमुख कोन समान. दोन्ही खरं असेल तर प्रत्येक ९०. म्हणजे आयतच.

कोनमापकाने मोजलं तर ६४ आणि ११७ आले. बेरीज १८१. आकृती चुकली की नियम?

पेन्सिल बोथट आहे. चांद्यावरची (कोनमापक म्हटलं तर इंदूरचा दुकानदार तोंडाकडे बघतो, खजूरी बाजारात चांदा मागा) एक रेघ आणि बोथट पेन्सिलीची एक रेघ जवळजवळ एकाच जाडीच्या असतात. एक-दोन अंश इकडेतिकडे होणारच. मोजून सिद्ध होत नाही, म्हणूनच सिद्धता लिहितात. पण ६४ च्या समोर ११६ आला असेल तर मुलाने चांद्याची उलटी आकडेवारी वाचलीय. कोन लहान दिसतोय की मोठा, हे मोजण्याआधी तोंडाने बोलायला लावा.

घरी मराठीत शिकवावं की हिंदीत? दोन्ही केलं तर मूल गोंधळेल.

मूल गोंधळत नाही, आपण गोंधळतो. तुमची नात भाजीवाल्याशी हिंदीत बोलते आणि तुमच्याशी मराठीत, तिला कधी अडलंय? मराठीत समजवा, हिंदीत लिहून घ्या, आणि इंग्रजी माध्यम असेल तर तिच्या पुस्तकातला शब्द तिलाच विचारा, तिला सांगायला आवडतं. फक्त 'पूरक' आणि 'कर्ण' या दोन ठिकाणी सावध राहा.

काकू, हे गणिताचं नाही, पण शंकरपाळे सगळे सारखे कसे कापायचे?

हे गणिताचंच आहे. आडव्या रेघांमधलं अंतर आणि तिरक्या रेघांमधलं अंतर सारखं ठेवा. अंतर तिरक्या रेघेला काटकोनात मोजायचं, आडव्या रेघेवर नाही. मग कातणं कितीही तिरकं चालवलं तरी प्रत्येक शंकरपाळा समभुज येतो. क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, दोन्हीकडून उंची तीच, म्हणून पायाही तोच. फार तिरकं कापलं तर टोकं निमुळती होतात आणि तळताना आधी करपतात. ६० च्या आसपास ठेवा. कडेला उरतात ते त्रिकोण आणि समलंब तुकडे, ते पहिल्या घाण्यात तळून मुलांच्या हातात द्यायचे.